तेल, तूप आणि स्नेह

दिवाळी हा तेलातुपाचा सण. पणतीत तेल, कढईत तेल, नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगालाही तेलच. आपल्या पूर्वजांनी तर तेलातुपाला आणि मायेला शब्द एकच योजला : स्नेह! घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह आयुर्वेदाने मानले. मी पडलो मराठीचा मास्तर. पण हा शब्द रसायनशाळेतही खरा उतरतो, असे दिसते.

स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाही, ही त्याची पहिली ओळख. त्याचा कण डोळ्यांपुढे आणावयाचा तर तीन दातांचे दाताळे आठवावे. ग्लिसरीनची आडवी पट्टी आणि तिला जोडलेले मेदाम्लांचे तीन लांब दाते. दाते सरळ असले म्हणजे ते भाताच्या पेंढ्यांसारखे एकमेकांना चिकटून बसतात आणि पदार्थ थिजतो. दात्यांना बाक असला की गर्दी जमत नाही. शेंगदाण्याचे तेल त्यामुळेच वाहते.

आमच्या रोह्याकडे भातकापणी आणि दिवाळी हातात हात घालून येतात. पावसाळाभर चिखलात राबलेल्या पायांना याच सुमारास भेगा पडू लागतात. त्यांवर कोकणचे जुने औषध म्हणजे कोकमाचे तेल, मुठेल. कोकमाच्या बिया फोडून, मगज वाटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्नेह काढून घेतात आणि त्याचे गोळे वळतात. यात सरळ दात्यांचे स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक, म्हणून तेल असूनही त्याचा गोळा होतो! भेगेत भरले की ते आतला ओलावा उडू देत नाही. आपल्या कातडीचा वरचा थरही अशाच स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेला असतो. तो लिंप गेला की कातडी फुटते.

पण स्नेहाची खरी करामत याहून खोल आहे. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधील स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यावरून त्यांनी ताडले, की पेशीचे आवरण दुहेरी आहे. या आवरणातल्या कणांचे डोके पाण्याचे लोभी, शेपट्या पाण्याला विटलेल्या. तेव्हा पाठीला पाठ लावून दोन पंगती बसाव्यात, तसे ते बसतात : तोंडे बाहेर पाण्याकडे, पाठी आत. मिलिमीटरच्या सुमारे 2 लक्षाव्या भागाएवढी ही भिंत. पण ती नसती तर आत आणि बाहेर हा भेदच उरला नसता, आणि जीव कशाला म्हणावयाचे?

आता कढईकडे वळू. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. रसायनज्ञांनी मात्र तेलाची शेपूट सरळ केली. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळला की बाक जातो, तेल थिजते, आणि वनस्पती तूप तयार होते. 1937 पासून ‘डालडा’ घरोघर शिरला. ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते, त्यांच्या ताटात त्यामुळे दिवाळी आली, हे विसरू नये. पण या खटाटोपात काही दाते अर्धवट उलटे वळून राहतात. त्यांना ट्रान्स मेद म्हणतात. ते हृदयाला घातक ठरले. म्हणून 1 जानेवारी 2022 पासून आपल्या देशात खाद्य तेला-तुपात त्यांची मर्यादा शेकडा 2 वर आणली गेली.

यावर कोणी म्हणेल, तेल-तूप सोडूनच द्यावे. वाचकहो, तसे करू नका! एक ग्रॅम स्निग्धात 9 कॅलरी असतात, पिठासाखरेच्या दुपटीहून अधिक; म्हणून हात आखडता हवा, हे खरे. परंतु अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्नेहावाचून अंगी लागत नाहीत, आणि वाढत्या पोराचा मेंदू तर स्निग्धांशावरच पोसतो. तेव्हा दुसऱ्या चकलीला नाही म्हणा. पोराच्या वरणभातावरची तुपाची धार मात्र आखडू नका.