गुण एकच, नोंद दोनदा

मुळशीतील दोनशिक्षकी शाळेत उत्तरपत्रिका तपासून झाल्या की शिक्षकांची खरी परीक्षा सुरू होते. गुण आधी मूल्यमापन नोंदवहीत लिहायचे आणि मग मोबाइलवर पुन्हा भरायचे. २०२३-२४ मध्ये राज्यात तिसरी ते आठवीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर नोंदवण्याचे काम शिक्षकांकडे आले. प्रथम भाषा, गणित व इंग्रजी हे तीन विषय आणि वर्षात तीन चाचण्या. म्हणजे तिसरीपासूनची अवघी २० मुले असली तरी १८० नोंदी! शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत शिक्षक दोनच. त्यातील एक मोबाइलमध्ये गुंतला, की साऱ्या वर्गांची जबाबदारी दुसऱ्यावर पडते. डोंगराआडच्या वाड्यांत नेटवर्कची रड आहे, ती वेगळीच.

वास्तविक, करोनाकाळात २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात मुले व्हॉट्सअॅपवर प्रश्न सोडवत आणि उत्तरे यंत्रच तपासत असे. हे गुण थेट आकारिक नोंदीत उतरवता आले असते, असे म्हणणे सोपे आहे. मात्र फोन पालकांचा असल्याने उत्तर मुलाचे की दादाचे, हे यंत्राला कळत नव्हते. वर्गातील चाचणीबाबत ही शंका नाही. तरीही तिचे गुण दोनदा लिहिले जातात, कारण ऑनलाइन नोंद वरिष्ठ कार्यालयांच्या आढाव्यासाठी आणि कागदावरची तपासणीसाठी लागते. यापैकी कोणती एकच नोंद ग्राह्य धरायची, हे पौडचे गटशिक्षणाधिकारी ठरवू शकत नाहीत. तो आदेश मंत्रालयातूनच निघावा लागेल.