तोंडी परीक्षा : विद्वत्तेची की तोंडवळ्याची?

पदव्युत्तर परीक्षा पार करून संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आमच्या तरुणांना एकाच शब्दाने धडकी भरते. तो शब्द म्हणजे मुलाखत. लेखी परीक्षेस जो निधड्या छातीने सामोरा गेला, त्याचीच जीभ बंद दारामागच्या चार-पाच खुर्च्यांपुढे टाळ्याला चिकटते. आई नवस बोलते, वडील वशिल्याच्या शोधात निघतात आणि शेजारचा कोणी अनुभवी गृहस्थ ‘कपडे झकपक घाल आणि इंग्रजी फाड’ एवढा उपदेश करून मोकळा होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो असा! आम्हांला आज दोघांशी भांडावयाचे आहे. मुलाखतीचा दरबार करणाऱ्यांशी तर आहेच. पण त्या दरबारात मान खाली घालून जाणाऱ्या आपल्या मुलांशीही आहे.

प्रथम नियम काय तो पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच. डी.च्या प्रवेशात विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. २०२४ पासून ‘नेट’च्या गुणांवर प्रवेश मागणाऱ्यांनाही हेच प्रमाण लागू झाले. जे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीला पात्र ठरले, त्यांची निवड तर मुलाखतीवरच होते. आता ३० गुण म्हणजे किती, हे ज्याने त्याने कागदावर मांडून पाहावे. एकाला लेखी परीक्षेत ७० पैकी ६० मिळाले आणि दुसऱ्याला ५२. मुलाखतीत पहिल्याला १० आणि दुसऱ्याला २२ दिले, की पहिला ७० वर राहतो व दुसरा ७४ वर जाऊन बसतो. वर्षाच्या अभ्यासाने मिळविलेली आठ गुणांची आघाडी पाच मिनिटांत पुसली जाते. ती कशाने पुसली गेली, हे विचारण्याचा अधिकार त्या मुलाला नाही काय?

विचारावयाचे काय असते? आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत ते स्वच्छ लिहिले होते. उमेदवाराच्या अंगी त्या संशोधनाची पात्रता आहे काय. ते काम त्या संस्थेत नीट होऊ शकेल काय. आणि त्यातून ज्ञानात काही नवी भर पडेल काय. पुढे नियमावल्या बदलल्या, परंतु या तिहींपलीकडे विचारण्याजोगे दुसरे आहे तरी काय? समजा, आमच्या भागातला एखादा मुलगा जुन्या पेढ्यांच्या मराठी पत्रव्यवहारावर काम करू इच्छितो. त्याला विचारतील : ही पत्रे कोठे आहेत? ती पाहू देण्यास मालक तयार आहेत काय? तुम्हांला मोडी वाचता येते काय? या विषयावर आधी कोणी लिहिले, आणि त्यांचे कोणते म्हणणे तुम्हांला पटत नाही? आमच्याच विभागात का आलात? हे प्रश्न कडक आहेत, पण न्यायाचे आहेत. मोडी न शिकताच जो गेला, त्याची तेथे फजिती झाली तर तिचे खापर परीक्षकांवर फोडणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. मोडी शिकू लागलो आहे, अमुक इतके वाचता येते, असे जो सरळ सांगतो त्याचे काही बिघडत नाही. ‘माहीत नाही’ हे उत्तर संशोधकाला लाज आणणारे नव्हे. माहीत असल्याचे सोंग मात्र दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

संस्थेविषयीच्या प्रश्नाकडे आमची मुले हटकून दुर्लक्ष करतात. एका प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि साहाय्यक प्राध्यापकाला ४ पीएच. डी. विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शकाकडे जागाच नसेल तर तेथे बृहस्पतीही परत फिरेल! कोणाकडे जागा आहे, कोणाचा अभ्यास कोणत्या विषयाचा, हे आधी शोधून जाणे याला वशिला म्हणत नाहीत. याला तयारी म्हणतात.

परंतु ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा जो मोघम रकाना आहे, त्याच्याशी आमचे वैर आहे, आणि ते आजचे नाही. बेळगाव ज्या म्हैसूर राज्यात घातले गेले होते, त्याच राज्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण ठेवले. त्यांच्या कसोट्यांत सामान्य ज्ञानाच्या जोडीला व्यक्तिमत्त्वही होते. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती पद्धत उचलून धरली. त्याच न्यायालयापुढे नोव्हेंबर १९८० मध्ये श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण आले. लेखी परीक्षेला १०० गुण, मुलाखतीला ५०, आणि प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे! बाप काय करतो, राहता कोठे, असलेच प्रश्न विचारले गेल्याची उमेदवारांची तक्रार होती. न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक भार देणे मनमानीचे ठरेल. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे हेही इष्ट मानले. २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील नाफे समितीने मागास वर्गांतील उमेदवारांच्या तोंडी गुणांत भेदभावाची खूण दिसत असल्याचे सांगून ३० चे १५ करण्याची शिफारस केली. आणि त्याच वर्षी आयोगाने काय करावे? लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती ठेवून निवडीचा सारा भार मुलाखतीवर टाकला! ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, आणि त्याच वर्षी ७०-३० चे प्रमाण आले.

पंधराची मर्यादा कोवळ्या वयाच्या मुलांसाठी होती, संशोधकाची परीक्षा वेगळी, असे यावर सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. कित्येक वर्षे ज्याच्यासोबत काम करावयाचे त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. बोला, तासभर बोला. पण गुण द्याल ते कशासाठी दिले हे लिहा, आणि झालेले बोलणे जपून ठेवा. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. चार दशकांपूर्वीची न्यायालयाची सूचना अमलात आणण्यास अडचण यंत्राची खचित नाही.

उरला भाषेचा प्रश्न, आणि तो आमच्या वर्मावरचा आहे. सीमाभागातला विद्यार्थी घरी मराठी, बाजारात कानडी आणि वर्गात इंग्रजी बोलतो. तीन भाषांत वावरणारा हा मुलगा तिसरीत दोनदा अडखळला, की त्याला विषयच येत नाही असा निवाडा होतो. विषय चांगला येत असूनही! अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्याला उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, असे आयोगाच्या अध्यक्षांनीच एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळविले. लिहिताना जी मुभा असावी ती बोलताना का नसावी? मात्र आमच्या मुलांनीही हे ओळखावे, की इंग्रजी ग्रंथ वाचण्याचा कंटाळा म्हणजे भाषाभिमान नव्हे. वाचन कोणत्याही भाषेत करा. विचार सांगताना जी भाषा आपली आहे तिची परवानगी खोलीत शिरताच, प्रश्न सुरू होण्यापूर्वी, नम्रपणे मागा. नाकारली तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण सावकाश आणि मुद्द्याचे बोला. उच्चारांची नक्कल करू नका.

निकाल लागल्यावरही हात जोडून परत फिरू नये. लेखी परीक्षेत आपल्याला किती मिळाले व मुलाखतीत किती, हे विद्यापीठाला लेखी विचारावे. उत्तर न आले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली रीतसर अर्ज करावा. पालकांनी वशिल्याच्या वाऱ्या करण्यात जो वेळ दवडला, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हा अर्ज लिहून होतो. आणि आमच्या शिक्षक-मंडळींनी प्रवेशाच्या आधी आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांना समोर बसवून वरचे प्रश्न विचारावेत, उलटसुलट विचारावेत. खुर्च्या शाळेत आहेतच.