मुख्यालयी राहावे, पण कोठे?

तालुक्याची कैफियत

जिल्हा परिषदेच्या बदल्यांचे हुकूम निघाले आणि मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेला, की हिमायतनगरच्या गल्लीबोळांतून काही अनोळखी जोडपी, बहुधा एखाद्या स्थानिक सहकाऱ्याला पुढे घालून, किरायाच्या खोलीची चौकशी करीत हिंडू लागतात. आणि श्रावण लागेपर्यंत त्यांतली बहुतेक दिसेनाशी होतात, कारण दोघांपैकी ज्याची नेमणूक येथे झालेली असते त्याने तोवर नांदेडहून अपडाऊन पत्करलेले असते आणि बिऱ्हाड नांदेडातच कायम झालेले असते. गाव या अपडाऊनवाल्यांना नावे ठेवते, वर्तमानपत्रे त्यांच्यावर अग्रलेख खरडतात, आणि जिल्ह्याचे अधिकारी दर वर्षी एक ताकीदवजा परिपत्रक काढून मोकळे होतात. त्या जोडप्यांना घर का मिळाले नाही, ही चौकशी मात्र कोणी करीत नाही.

वास्तविक हिमायतनगर हे राहण्याजोगे ठिकाण आहे. जुने लोक अजून ज्याला वाढोणा म्हणतात ते हे गाव, श्रीपरमेश्वराच्या देवस्थानामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत पूर्वीपासून विख्यात आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग त्याला लागून जातो आणि मुंबईची नंदीग्राम एक्सप्रेस येथे थांबते. तहसील कचेरी, पंचायत समिती, हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय आणि आता नगरपंचायत, एवढा सरंजाम पदरी असूनही गावाने आपला संथपणा सोडलेला नाही. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो, सहस्रकुंडाचा धबधबा फार लांब नाही, आणि मोठ्या शहरातला गोंगाट, धूळ व शिकवणीवर्गांच्या फलकांचा सुळसुळाट येथे अजून पोहोचावयाचा आहे. परंतु या शांततेचा बराचसा भाग निसर्गदत्त नसून प्रशासनदत्त आहे, हे सायंकाळी बसस्थानकावर उभे राहिले म्हणजे कळते. कचेरीची वेळ सव्वासहापर्यंत असली तरी गाडीची वेळ तिच्याहून बलवत्तर असते. त्या वेळेला तलाठी, कारकून, मास्तर, परिचारिका, कृषी सहायक अशी तालुक्याची सारी शिकलीसवरलेली वस्ती भोकर-नांदेडच्या दिशेने निघून जाते, आणि मागे उरते ते गाव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपल्या दुखण्याखुपण्यासह स्वस्थ पडून राहते.

यावर सरकारचा उपाय कागदी आहे. मुख्यालयी राहण्याची अट सेवानियमांत जुनीच आहे. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने तिला ग्रामसभेच्या ठरावाची जोड दिली, म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक वा आरोग्य कर्मचारी खरोखर गावात राहतो असे गावानेच ठराव करून सांगावे, तरच त्याला घरभाडे भत्ता मिळावा. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हाच विषय काढून, मुख्यालयी न राहता भत्ता उचलणाऱ्या शिक्षकांवर कोरडे ओढले, तेव्हा शिक्षकांचे मोर्चे निघाले, प्रतिमोर्च्यांची भाषा झाली, आणि धुरळा बसल्यावर सर्व काही पूर्ववत् चालू झाले. खोट्या दाखल्यावर भत्ता उचलणे ही लबाडी आहे, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. लेकरांना पाढे शिकविणाऱ्याने वर्षातून एकदा सरपंचाच्या ओसरीवर बसून असत्य लेखाखाली सही करावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. तथापि ज्या नियमाचे पालन करू इच्छिणाऱ्यालाही ते करता येत नाही, तो नियम प्रामाणिकांना छळतो आणि अप्रामाणिकांना केवळ एक सही शिकवितो.

भत्त्याचा हिशेबही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. घरभाडे भत्ता हा कर्मचारी कोठे राहतो यावर नव्हे, तर कोठे नेमलेला आहे यावर ठरतो, आणि सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात नांदेड-वाघाळा महानगर वरच्या वर्गात तर हिमायतनगर शेवटच्या वर्गात आहे. शेवटच्या वर्गाचा दर मूळ वेतनाच्या शेकडा 8 पासून सुरू झाला आणि महागाई भत्ता वाढेल तसा 10 पर्यंत जाण्याची तरतूद झाली. म्हणजे ज्याचे मूळ वेतन 40,000 रुपये आहे त्याच्या हाती 3,200 ते 4,000 पडतात. यात नांदेडातल्या दोन खोल्यांचा किराया भागत नाही आणि मासिक पासाचे पैसे वेगळेच. अर्थात अपडाऊन हा काही फायद्याचा धंदा नव्हे. आणि त्या रकमेत हिमायतनगरात घर मिळत असते, तर दोन वेळा बसचे धक्के खात तीन-चार तास रस्त्यावर घालविण्याची हौस कोणाला आली असती?

तेव्हा प्रश्न घराचा आहे, आणि घर म्हणजे काय मिळते ते जवळून पाहिले पाहिजे. गावाच्या मूळ वस्तीतल्या एका जुन्या वाड्याच्या मागल्या अंगाला, मागील सालापर्यंत कापूस आणि सोयाबीनची पोती ठेवण्याच्या कामी येत असलेल्या दोन खोल्या झाडून, एका भिंतीला शहाबादी फरशीचा ओटा बसवून 'फॅमिलीसाठी' म्हणून दाखविल्या जातात. वर पत्रे, पत्र्यांवर वावधानात उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, कोपऱ्यात अजून रेंगाळणारा सरकीचा वास. न्हाणी अंगणात आणि मालकाच्या घरातल्यांशी सामाईक. लाईटचे सबमीटर दाराच्या चौकटीवर, त्याच्या युनिटचा दर मात्र महावितरणच्या दराशी फारसे नाते न सांगणारा. माळवदाच्या खोल्या उन्हाळ्यात थंड असतात, पण त्या मालक स्वतःकडे ठेवतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. नव्या वसाहतीत स्लॅबची घरे झाली आहेत खरी. परंतु ती किरायासाठी बांधलेली नसतात, मुलगा पुण्याहून परत येईल या आशेने बांधलेली असतात, आणि तो येईपर्यंत त्यांना कुलूप असते.

मग पाणी. मराठवाड्यात किरायाचे घर पाहावयास जाणारा माणूस भिंती पाहण्यापूर्वी बोअर पाहतो. मार्च सरत आला की इसापूरच्या धरणातून पैनगंगेत पाणी सोडावे म्हणून हदगाव-हिमायतनगरच्या नदीकाठची गावे निवेदने देऊ लागतात. त्या दिवसांत ज्या घरमालकाच्या बोअरला पाणी टिकते तो आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचीही तोंडे चुकवितो, तेथे किरायदाराची काय कथा. म्हणूनच मालकीणबाईंचा पहिला प्रश्न किरायाचा नसतो.

"घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं, दोन लेकरं, आणि आई."

"म्हंजी पाच. पाणी लई लागंल मग." एवढे बोलून, पदर सावरीत, स्वर जरासा खाली आणून दुसरा प्रश्न येतो, ज्याच्यासाठी पहिला केवळ प्रस्तावना होता. "आडनाव काय म्हणलाव सर तुम्ही?"

आडनाव सांगितले जाते, आणि त्या आडनावाच्या पुढे-मागे काय आहे याचा उलगडा होण्यास मराठवाड्यातल्या माणसाला क्षणाचाही अवधी लागत नाही. उत्तर प्रतिकूल निघाले तर नकार कधी स्पष्ट दिला जात नाही. 'मालकाला विचारून सांगते', 'पाहुणे यायचेत', 'मुलाचं लग्न धरलंय', अशा सौजन्याच्या वेष्टनात तो गुंडाळलेला असतो, आणि मुसलमान कुटुंब असेल तर खाण्यापिण्याची सबब ठेवलेलीच असते. ज्या गावात आठवडी बाजारात सर्वांच्या टोपल्या एकमेकींना टेकून लागतात, त्याच गावात दोन खोल्यांच्या उंबरठ्यावर ही तपासणी व्हावी, आणि ती करणारी माणसे एरवी परोपकारी, देवभोळी व गोड बोलणारी असावीत, हे आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे. परदेशातून विद्यासंपन्न होऊन आलेले डॉ. आंबेडकर 1917 साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या राजधानीच्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना बाहेर काढले, ज्या स्नेह्यांकडे आसरा मागितला त्यांनी काही ना काही अडचण सांगितली, आणि शेवटी त्यांना नोकरी टाकून मुंबईस परतावे लागले. मुख्यालयी राहता न आल्यामुळे नोकरी सोडावी लागलेल्या सरकारी नोकराचे याहून ठळक उदाहरण या देशाच्या इतिहासात नसेल. शंभर वर्षे लोटल्यावर लाठ्या गेल्या आहेत, आणि अपडाऊनची सोय झाल्यामुळे नोकरीही सोडावी लागत नाही, इतकाच काय तो फरक. ग्रामसभेने ठराव करण्यापूर्वी, आपल्या गावात कोणत्या आडनावाच्या मास्तराला घर मिळाले आणि कोणत्या आडनावाच्या मास्तराला मिळाले नाही, याचीही नोंद इतिवृत्तात घ्यावी, असे सुचविण्याचा मोह होतो.

घरमालकाची बाजू मात्र सर्वस्वी निराधार नाही. त्याची खरी धास्ती कबजाची आहे. हैदराबाद राज्यातल्या 1950 च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीत हक्क दिला, तो योग्यच होता. पण 'ज्याच्या ताब्यात दिले त्याचे झाले' ही दहशत त्या वेळच्या जमीनमालकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आणि शेतावरून घरावर येऊन बसली. किरायदाराला तीन वर्षांहून अधिक राहू देऊ नये, त्याच्या नावाची पावती फाडू नये, लिहून तर काही देऊच नये, हे शहाणपण त्या दहशतीचेच अपत्य होय. वस्तुतः ते शहाणपण मालकाच्याच मुळावर येणारे आहे. मराठवाड्यात पूर्वी घरांच्या किरायाला 1954 चा हैदराबादचा कायदा लावला जाई; 31 मार्च 2000 पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने तो रद्द केला, आणि हा अधिनियम ज्या क्षेत्रांना लागू आहे तेथे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली, इतकेच नव्हे तर तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असे कलम 55 मध्ये घालून ठेवले. याच अधिनियमात अनुज्ञप्तीची, म्हणजे लोक ज्याला 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात त्याची, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्काने भरपाई घेण्याची तरतूद आहे. जेथे हा अधिनियम पोहोचत नाही तेथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे, आणि त्यात वेगळा करार नसेल तर महिन्याच्या बोलीने राहणाऱ्यास पंधरा दिवसांची नोटीस पुरते. तात्पर्य, लिहून न दिल्याने घर वाचते ही समजूत पूर्णतः उलटी आहे. मुद्रांकावर उमटलेली दोन साक्षीदारांची सही ही मालकाची ढाल आहे.

किरायदाराचेही या लेखी करारामुळे कल्याणच होते. अनामत किती, ती परत केव्हा, रंगाचा खर्च कोणाचा, बोअरची मोटार जळाली तर कोणी भरावे, या गोष्टी आज तोंडी ठरतात आणि घर सोडताना तोंडातोंडीवर येतात. केंद्र सरकारने 2021 साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये असे म्हटले आहे; तो कायदा राज्यांनी स्वीकारावा अशा स्वरूपाचा असला, तरी त्यातले हे माप उभय पक्षांनी आपखुषीने उचलावयास काय हरकत आहे?

राहता राहिली संस्थांची जबाबदारी. तालुक्याच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी सेवानिवासस्थाने बांधावीत ही मागणी जुनी आहे आणि ती सोडून देऊ नये. पण अंदाजपत्रके, निविदा आणि गळके छत या त्रिस्थळी यात्रेतून ती पार पडेपर्यंत आजच्या शिक्षिकेची निवृत्ती जवळ आलेली असेल. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने 1920 च्या दशकापासून स्वतः घरे बांधून नागरिकांना किरायाने दिली आणि अशी घरे ती आजही किरायाने देते. आपल्या नगरपंचायतीकडून कोणी तशी अपेक्षा करणार नाही, तिच्या तिजोरीचे पाणी आमच्या बोअरपेक्षा वर नाही. तिला एक नोंदवही मात्र ठेवता येईल. किरायाने देण्याजोगे घर कोणत्या गल्लीत आहे, खोल्या किती, पाण्याची व्यवस्था कशी, किराया काय, हे त्यात लिहिलेले असावे. मालकाला कराराचा छापील मसुदा आणि नोंदणीची मदत तेथेच मिळावी. आणि जो कोणी आडनाव पाहून नकार देईल त्याचे घर त्या वहीतून वगळावे. सरसम, जवळगाव, कामारी यांसारख्या मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतींनाही हे अवघड नाही. मालमत्तेची नमुना 8 ची नोंद त्यांच्यापाशी आहेच, तिच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल, इतकेच.

ही वही उघडली जाईपर्यंत मुख्यालयाचे दाखले मागणे सरकारने थांबवावे असे मी म्हणत नाही. पण दाखला मागणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्याने, तहसीलदाराने आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याने प्रथम आपण स्वतः रात्री कोठे झोपतो ते जाहीर करावे. नगरपंचायतीने येत्या जूनपूर्वी नोंदवही तयार करावी, आणि ज्यांच्या स्लॅबच्या घरांना पुण्याच्या मुलाची वाट पाहत कुलपे लागली आहेत त्या घरमालकांनी तीत आपली नावे सर्वांआधी घालावीत, ही माझी त्यांना विनंती आहे.

— वाटसरू