कळंब्याच्या भिंतीआडचा पक्षकार

१७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि सहा जिल्ह्यांतील वकिलांच्या काही दशकांच्या लढ्याला यश आले. त्या लढ्यात वकील रस्त्यावर उतरले, कामकाजावर बहिष्कार घातला, साखळी उपोषणे केली. त्यांचे अभिनंदन यापूर्वी पुष्कळांनी केले आहे आणि आम्हीही त्यात मनापासून सहभागी आहोत. परंतु हा लढा ज्या युक्तिवादावर उभा होता, त्याची आठवण आता करून देणे भाग आहे. न्याय गरिबाच्या दाराशी आला पाहिजे, मुंबईच्या खेपा त्याला परवडत नाहीत, हा तो युक्तिवाद होय. मग प्रश्न असा की, ज्याला स्वतःच्या दारातून बाहेरच पडता येत नाही, त्या गरिबापर्यंत न्याय कोणी न्यावयाचा?

कळंबा म्हटले की जुन्या कोल्हापूरकराला तलाव आठवतो. परंतु गावोगावच्या गरीब कुटुंबांत ‘तो कळंब्याला आहे’ या वाक्याचा अर्थ वेगळा असतो. कळंब्याचे मध्यवर्ती कारागृह हा तो अर्थ. आत शिक्षा झालेले असतात, तसेच कच्चे कैदीही असतात. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही आणि जे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत, असे लोक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती, त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतील तिघे! तुरुंग हे शिक्षेचे ठिकाण असल्याचे आपण पाठ्यपुस्तकांत शिकवतो. प्रत्यक्षात ते वाट पाहण्याचे ठिकाण झाले आहे, आणि ही वाट पाहणारा बहुतांशी आपल्याच वर्गातला असतो.

मोफत कायदेशीर मदत ही त्याच्यावर कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. ज्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीला आणीबाणीत आपण कडाडून विरोध केला, तिनेच ३९-अ हे कलम संविधानात आणले, हा इतिहासाचा विनोद मान्य केला पाहिजे. पुढे १९७८ साली होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणि १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी त्या कलमात प्राण ओतला. हुसैनारा खटला न्यायालयात नेणाऱ्या कपिला हिंगोरानी या वकीलच होत्या. बिहारच्या तुरुंगांत कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खितपत पडलेली माणसे त्यांच्या त्या एका अर्जाने प्रथम देशाला दिसली.

महाराष्ट्राच्या वाट्याला या इतिहासातला एक खास भाग आला आहे, आणि तो येथील वकील मंडळींपैकी थोड्यांनाच स्मरत असावा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८३ साली निकाल देताना न्यायालयाने महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्यासाठी आदेश दिले: तुरुंगाधिकाऱ्यांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्ह्याच्या कायदा साहाय्य समितीकडे पाठवाव्यात, आणि समितीने नेमलेल्या निवडक वकिलांनी पंधरवड्यातून एकदा तरी तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटावे. बेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. कोठडीतील माणसाला उत्पन्नाचा दाखला न दाखवता मोफत वकील मिळण्याचा हक्क त्या कायद्याच्या बाराव्या कलमाने दिला आहे. कागदावर आणखी काय हवे?

हवा आहे तो वेळ काढणारा वकील. मांडव घालायचा, दीपप्रज्वलन करायचे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचे आणि जमलेल्या शाळकरी मुलांना मूलभूत कर्तव्ये ऐकवायची, अशा कायदेविषयक शिबिरांना आमचा विरोध नाही. परंतु त्यालाच सेवा म्हणण्यास आम्ही तयार नाही. खरी सेवा कंटाळवाणी असते. बराकीतील माणसाजवळ बसून त्याचे कलम कोणते, अटकेची तारीख कोणती, आरोपपत्र कधी दाखल झाले, हे विचारावे लागते. साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो. मात्र तो हक्क मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. एक दिवस चुकला की महिने जातात. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाखाली त्याची सुटका व्हावयास हवी. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांनाही हा लाभ लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधीक्षकांवर आहे. परंतु दिवस मोजणारा वकील बाहेर असेल तरच ती पाळली जाते. याच कलमात एक पाचरही मारून ठेवली आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील, तर हा लाभ नाही. दर मोर्चागणिक एक गुन्हा अंगावर घेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट वाचून ठेवावे.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, ही त्याहून लाजिरवाणी गोष्ट. १९७८ सालच्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा आणि त्याच जिल्ह्यातला जामीनदार मागितला गेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम हजारावर आणली आणि परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही, असे बजावले. आज इचलकरंजीच्या मागावरचा परप्रांतीय कामगार किंवा उसाच्या फडात आलेला मराठवाड्याचा तोडणी मजूर पकडला गेला, तर सातबाऱ्याचा उतारा घेऊन त्याच्यासाठी कोण उभे राहणार? जामीन मिळून सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा आदेश ३१ जानेवारी २०२३ रोजी झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. ती कैद्याच्या कानावर घालणारे तरी किती आहेत?

आणखी एका गोष्टीवर स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ती आपल्याला झोंबणारी आहे. काही आरोपींचे वकीलपत्र घेऊ नये, असे ठराव देशभरातील वकील संघटना अधूनमधून करतात. असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर कसाबला वकील द्यावा की नाही, यावर केवढे वादळ उठले! तरी त्याला वकील दिला गेला, आणि म्हणूनच त्या निकालाकडे जगाला बोट दाखवता आले नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे आयुष्यभर कामगारांची, मोलकरणींची, फेरीवाल्यांची बाजू मांडणारे वकील होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या खुनाच्या आरोपींनाही पूर्ण बचाव मिळाला पाहिजे, हे आपण मोठ्याने म्हटले पाहिजे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेतले, तेव्हा त्यांचा फडक्यांच्या दरोड्यांना पाठिंबा नव्हता. सरकार दरबारी संशय ओढवून घेऊन ते उभे राहिले, कारण आरोपीला एकटे पाडणे त्यांना मान्य नव्हते. महाराष्ट्रातील वकिलीची ही परंपरा आहे. फीच्या आकड्यांनी ती ठरत नाही.

विधी सेवेच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते, ही तक्रार रास्त आहे. २०२२ पासून आलेल्या बचाव वकील योजनेत पूर्ण वेळ वकील आहेत, तेही कंत्राटावर. सरकारी वकिलाला प्रतिष्ठा आणि गरिबाच्या वकिलाला कंत्राट, या विषमतेविरुद्ध वकील संघटनांनी लढावे. आम्ही त्यांच्या बरोबर राहू. परंतु मानधन वाढेपर्यंत बराकीतील माणसाने थांबावे, असे कोणाला म्हणता येईल? बेंचसाठी महिनोन्‌महिने रस्त्यावर बसण्याची ताकद ज्या संघटनांनी दाखवली, त्यांना पंधरवड्याला दोन वकील कळंब्याला पाठवणे अवघड नाही. जिल्हा वकील संघटनेने ज्येष्ठ-कनिष्ठांच्या जोड्या लावून तसे वेळापत्रक जाहीर करावे, अशी आमची जाहीर मागणी आहे.

आणि सगळे वकिलांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. घरच्यांचा पत्ता शोधणे, आईला मुलाखतीला नेणे, ऐपतीचा दाखला मिळवणे, ही कामे काळ्या कोटाची नाहीत. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा धंदा चालतो तो प्रामाणिक जामीनदार मिळत नाही म्हणून. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, शिरोळ येथील तालुका समित्यांनी आपल्या सभासदांपैकी जामीन राहण्यास कोण तयार आहेत, याची यादी येत्या बैठकीत करावी. आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराला प्रतिज्ञेवर सांगावे लागते. म्हणून एकाच उत्साही कार्यकर्त्यावर भार टाकून भागणार नाही, नावे पुष्कळ हवीत. यादी तयार झाली की तिची एक प्रत विधी सेवेचे काम करणाऱ्या वकिलांकडे द्यावी.