दोन वह्या, एकच चूक

आमच्या घरीं टेलिफोन आला तो १९९२ सालीं, आणि त्याच्यामागोमाग दोन वह्या आल्या. एक ओसरीवर टेलिफोनपाशीं खिळ्याला दोरीनें टांगलेली. दुसरी माजघरांतल्या कोनाड्यांत. एकत्र कुटुंब असल्यामुळें वही हरवावी, मुलांनीं फाडावी, पावसांत भिजावी, हें ठरलेलेंच. तेव्हां एक गेली तरी दुसरी असावी हा त्यांतला हेतु. पहिली वही मीं लिहिली. दुसरी माझ्या पुतण्यानें पहिलीवरून उतरून काढली. त्याचें अक्षर मोत्यासारखें, म्हणून घरांत तिचाच मान अधिक.

दोन वर्षांनीं, आषाढांतल्या एका रात्रीं, दादांच्या छातींत कळा येऊं लागल्या. मीं वहींत पाहून डॉक्टरांचा नंबर फिरविला. पलीकडून कोणा अपरिचित गृहस्थाचा झोपमोड झालेला आवाज आला. घाईंत बोट चुकलें असेल म्हणून पुन्हां फिरविला. तेच गृहस्थ, या वेळीं रागावलेले. "भाऊजी, माजघरांतली वही बघा," असें वहिनी म्हणाल्या. बघितली. आंकडे तेच. आणि दोन्ही वह्या जुळतात हें पाहून, लिहावयास लाज वाटते, मला धीर आला! नंबर बरोबर आहे, टेलिफोनच बिघडला आहे, असें मनाशीं ठरवून मीं तिसऱ्यांदा तोच नंबर फिरविला. शेवटीं वहिनींनींच देवघराच्या फडताळांतून डॉक्टरांची जुनी औषधाची चिठ्ठी शोधून काढली. तिच्यावर छापलेल्या नंबरांत जेथें १ होता, तेथें माझ्या वहींत ९ होता. हात घाईंत असला म्हणजे या दोन आंकड्यांचीं रूपें एकमेकांत मिसळतात, हें वर्गांत मुलांना मीच वर्षानुवर्षें बजावीत आलों होतों. डॉक्टर आले, दादा त्यानंतर अकरा वर्षें आमच्यांत होते. पण त्या रात्रीं वायां गेलेलीं वीस मिनिटें मी विसरलेलों नाहीं.

हा प्रसंग आज आठवला तो त्याच पुतण्याच्या मुलामुळें. तो संगणकशास्त्र शिकतो. गेल्या महिन्यांत जेवणानंतर ही गोष्ट निघाली तेव्हां तो हंसून म्हणाला, "आजोबा, अमेरिकेंत १९९० सालीं अगदीं हेंच झालं होतं. फक्त वह्या दोन नव्हत्या, एकशें चौदा होत्या." मग मीं त्याला बसवून ती हकीकत नीट समजून घेतली. आमच्यासारख्या घरांतही ती कळण्याजोगी आहे असें वाटलें, म्हणून येथें देतों.

अमेरिकेंत एका शहरांतून दुसऱ्या शहरास टेलिफोन जोडून देण्याचें मोठें काम एटी अँड टी ही कंपनी करी. त्यासाठीं तिचीं देशभर ११४ मोठीं एक्स्चेंजें होतीं. या जातीचें पहिलें १९७६ सालीं शिकागोस बसविलें. कोणती हांक कोणत्या मार्गानें न्यावी हें तेथें संगणक ठरवी, आणि हीं केंद्रें आपसांत जे निरोप पाठवीत त्यांच्या वाटा माणसांच्या बोलण्याच्या वाटांहून निराळ्या असत. टेलिफोन बंद पडणें या मंडळींना किती असह्य, याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे. १९६५ सालीं न्यू जर्सींत त्यांचें पहिलें इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज रीतसर सुरू झालें, तेव्हां रचनाकारांपुढें दंडक असा होता कीं, चाळीस वर्षांत सर्व मिळून दोन तासांपेक्षां अधिक काळ तें बंद राहूं नये. म्हणून महत्त्वाचें प्रत्येक यंत्र जोडीनें ठेवीत. एक काम करी, दुसरें तयार उभें असे. कीर्तनांत बुवांचा घसा बसला तर मागचा साथीदार पद उचलून धरतो, तसें. शिवाय यंत्राला आपली चूक आपण ओळखण्याची शिकवण दिलेली असे. नोंदींत कांहीं विसंगत दिसलें तर त्यानें स्वतःला कामावरून काढून घ्यावें, पाटी पुसावी आणि नव्यानें उभें राहावें. चार-सहा सेकंदांचें काम.

सोमवार, १५ जानेवारी १९९०. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुटीचा दिवस. दुपारीं अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका केंद्रांत लहानसा बिघाड झाला. केंद्रानें शिकवणीप्रमाणें शेजाऱ्यांस कळविलें कीं, सध्यां मजकडे कांहीं पाठवूं नका, स्वतःस सांवरलें, आणि पुन्हां हांका पाठवावयास लागलें. यांत नवल कांहींच नव्हतें. नवल घडलें तें शेजाऱ्यांकडे.

आदल्याच महिन्यांत सर्व ११४ केंद्रांच्या संगणकांस नवी आज्ञावली दिली होती. हेतु चांगला होता: सांवरलेल्या केंद्राला अधिक त्वरेनें कामांत घेतां यावें. पूर्वी असें केंद्र 'मी परत आलों' असा स्वतंत्र निरोप धाडी. आतां त्याच्याकडून पहिली हांक आली म्हणजेच तें परत आलें असें समजावयाचें होतें. तें समजतांच शेजाऱ्यानें आपल्या वहींत तशी नोंद करावयाची. ही नोंद चालूं असतां, सेकंदाच्या शतांशाच्या आंत, त्याच केंद्राकडून दुसरी हांक आली, तर ती बाजूस ठेवून मागाहून पाहावयाची. परंतु आज्ञावलींत एक शब्द अस्थानीं पडला होता. त्यामुळें दुसरी हांक बाजूस राहिली नाहीं. महत्त्वाच्या माहितीवरच भलतें कांहीं लिहिलें गेलें.

तो शब्द 'ब्रेक'. अर्थ एवढाच कीं, येथें थांबून बाहेर पड. पण कशाच्या बाहेर? संस्कृत वाचणारास ही अडचण चटकन् कळेल. एखाद्या कथेंत राजा बोलत असतो. त्याच्या बोलण्यांत मंत्र्याचें बोलणें येतें, मंत्र्याच्या बोलण्यांत दूताचें. आणि मग 'इति' येतो. हा 'इति' दूताचें बोलणें संपवितो, कीं राजाचें? आपण संदर्भावरून ठरवितों. यंत्राला संदर्भ नाहीं, नियम आहे. लिहिणाराच्या मनांत आंतली खोली सोडावयाची होती. त्या भाषेच्या नियमानें यंत्र थेट बाहेरच्या दारांतून निघून गेलें, आणि मधलीं कामें तशींच राहिलीं.

आतां यापुढचें ऐकून मला माझी माजघरांतली वही आठवली. माहिती बिघडली हें यंत्राच्या लक्षांत आलें. म्हणजे पहारेकरी झोपला नव्हता. त्यानें नियमाप्रमाणें बिघडलेलें यंत्र बाजूस काढून जोडीचें पुढें केलें. पण जोडीच्या यंत्रांत तीच आज्ञावली, तोच शब्द, त्याच जागीं! पुन्हां दोन निरोप पाठोपाठ आले आणि तेंही पडलें. दोन्ही पडल्यावर केंद्रानें पाटी पुसली, नव्यानें उभें राहिलें, आणि उभें राहतांच आपल्या शेजाऱ्यांस हांका पाठविल्या. त्या हांकांनीं शेजारी पडले. ते सांवरले आणि त्यांनीं पुढच्यांस, क्वचित् ज्यानें आपणांस पाडलें त्यालाच, पाडलें. एकाच्या बरें होण्यांतून दुसऱ्याचें आजारपण निघे.

न्यू जर्सींतील बेडमिन्स्टर येथें कंपनीचें देखरेखीचें मुख्य ठिकाण होतें. तेथल्या भिंतभर पडद्यांवर तांबड्या खुणा उमटूं लागल्या. नेहमीचे उपाय करून पाहिले, गुण येईना. वीज गेली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या, न्यूयॉर्कचा मूळ बिघाड तर केव्हांच मिटला होता. आणि तरी कंपनीच्या जाळ्यांतले जवळजवळ निम्मे टेलिफोन लागत नव्हते. असें नऊ तास चाललें. सुमारें सात कोटी हांका वायां गेल्या. विमानांत जागा राखणारे, हॉटेलवाले, व्यापारी यांचें नुकसान पैशांत मोजतां आलें. ज्यांच्या घरीं आमच्यासारखी रात्र होती त्यांचें कसें मोजावें? असें कांहीं झालें म्हणजे चोर शोधण्याची माणसाची खोड असते. कोणीं द्वाड पोरानें संगणकांत शिरून हें केलें असावें, असा संशय तेव्हां कित्येकांस आला. चोर नव्हताच. घरच्याच माणसाच्या हातून एक शब्द सरकला होता, जसा माझ्या हातून एक आंकडा.

उपाय लाभला तो मात्र वैद्यांच्या लंघनासारखा. निरोपांच्या वाटांवरचा भार त्यांनीं कमी केला. दोष जागा होई तो पाठोपाठ येणाऱ्या निरोपांनीं. निरोप विरळ होतांच तो निजला, आणि सांवरलेलीं केंद्रें सांवरलेलीं राहिलीं. रात्रीं साडेअकराच्या सुमारास जाळें स्थिर झालें. अर्थात् लक्षण गेलें होतें, रोग नव्हे. त्यासाठीं पुढें आधींची आज्ञावली परत बसवावी लागली, आणि नवीची कसून तपासणी झाली तींत तो शब्द हातीं लागला. लोकांचा राग शमविण्यासाठीं कंपनीनें १४ फेब्रुवारीस टेलिफोनचे दर उतरविले. तिकडे तो प्रेमी जनांचा दिवस. हिशेबी माणसांची क्षमायाचनाही हिशेबीच.

"मग यावर उपाय काय? तिसरी वही?" असें मीं मुद्दाम विचारलें. मुलगा म्हणाला, "तिसरीही पहिलीवरूनच उतरली तर काय उपयोग, आजोबा?" हें उत्तर ऐकून मला फार आनंद झाला, कारण पोथ्यांच्या अभ्यासांत हा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ सालीं त्याचे प्रमुख संपादक झाले. साडेबाराशांच्या घरांत हस्तलिखितें त्या कामीं पाहिलीं गेलीं. पण पाठ ठरविला तो डोकीं मोजून नव्हे. शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरल्या असतील तर त्यांची साक्ष एकाच साक्षीदाराची. उलट काश्मीरची शारदा लिपींतली पोथी आणि मलबारची मल्याळम् लिपींतली पोथी, ज्यांच्या लेखकांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलें नाहीं, त्या एखाद्या शब्दावर जुळल्या, तर तो शब्द वजनाचा. माझ्या दोन वह्या त्या रात्रीं जुळल्या, तें जुळणें कवडीमोल होतें. डॉक्टरांची मळकी चिठ्ठी एकटीच होती, पण ती माझ्या वहीची मुलगी नव्हती.

वेदपाठांत तर याहून पुढची युक्ति आहे. तेथें दुसरा पाठ हा पहिल्याची नक्कल नसतोच. संहितेंत संधि केलेले. पदपाठांत प्रत्येक पद सुटें. क्रमांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्या. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. आणि घनांत त्याहूनही गुंतागुंत. एका पाठांत जीभ घसरली तर ती चूक दुसऱ्याच्या सांच्यांत बसत नाहीं, आणि तेथल्या तेथें उघडी पडते. (आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असें म्हणणारे येथें टाळ्या पिटतील. माझा तसा मुळींच दावा नाहीं. विस्मरणाची भीति मात्र दोघांनाही सारखीच होती.) मुलगा म्हणाला कीं, यंत्रज्ञही जेथें जीव टांगणीला असतो तेथें असेंच करतात. एअरबस ए-३२० विमानांत चालकाच्या आज्ञा पंखांकडे व शेपटाकडे नेणारे संगणक निरनिराळ्या कारखान्यांत घडविलेले आणि त्यांच्या आज्ञावल्या निरनिराळ्या मंडळींनीं लिहिलेल्या असतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यांत शिरत नाहीं. खर्च अर्थातच फार.

आमच्या घरीं आतां वह्या नाहींत. नंबर मोबाईलमध्यें, आणि त्यांची प्रत दूर कोठल्याशा कोठारांत आपोआप जाते. ही प्रत पाहून घरांतलीं माणसें निश्चिंत असतात. परंतु मोबाईलमध्यें नंबर चुकीचा बदलला कीं कोठारांतही तो बदलतो, पुसला कीं तेथेंही पुसला जातो. ती प्रत कसली, सावलीच ती! म्हणून मागच्या रविवारीं आम्हीं एक बैठक घातली. मुलगा मोबाईलमधून नंबर वाची. मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या दुकानाच्या पावत्या, इस्पितळाचीं कार्डें यांवरून ते ताडून पाहीं. आणि ज्यांचा कागद नव्हता त्यांना फोन करून खात्री करून घेतली. वहिनींनीं, ऐशी वर्षांच्या हातानें, सर्व यादी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिली, आणि अंक न घालतां 'एक', 'नऊ' असे शब्द घातले. एकंदर सव्वीस नंबर झाले. त्यांत तीन चुकीचे निघाले, आणि तिघांतला एक माझा स्वतःचा होता.