आधी हार, मग हरकत!

जवान सीमेवर निघाला की स्टेशनावर हार, धारातीर्थी पडला तर चौकात पुतळा आणि जखमी होऊन परतला तर न्यायालयात तारीख! कारगिलच्या युद्धात ५२७ जवानांनी देह ठेवला, हे आमच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. दर २६ जुलैला तो आकडा आम्ही छाती फुगवून उच्चारतो. त्याच युद्धात १३०० हून अधिक जवान जखमी झाले. त्यांतल्या कोणाचा पाय गेला, कोणाचे डोळे गेले, कोणाची झोप कायमची उडाली, याची चौकशी कोणत्या व्यासपीठावरून कधी झाली? मेलेला जवान काही मागत नाही, म्हणून तो सर्वांना प्रिय. जिवंत परतलेला हक्काचे मागतो, आणि मागायला लागला की कालचा शूरवीर आज एकाएकी संशयित ठरतो.

मग या माणसाला बरे कोण करते? सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या खेड्यांत जाऊन पाहा. मणका निकामी झालेल्या माणसाच्या अंगावर व्रण पडू नयेत म्हणून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. हे कोणते मंत्रालय करते? त्याची बायको करते, दिवसा करते आणि रात्रीही करते. मध्यरात्री तो किंचाळत उठला की दिवा लावून त्याच्या उशाशी बसणारी तीच. दिवाळीचा पहिला फटाका वाजला की त्याचे अंग आखडते, हे ओळखून गल्लीतल्या पोरांना हात जोडणारी त्याची आई. ‘बाबांना मागून येऊन हात लावायचा नाही’ हा नियम त्या घरातली लेकरे बाराखडीच्या आधी शिकतात. पलटणीतला जुना जोडीदार दोन एसट्या बदलून येतो, दिवसभर शेजारी बसतो, फारसे बोलत नाही. पण त्या दिवशी याला जेवण जाते. या मायेने माणसे सावरतात. गोळी काढणे शस्त्रक्रियेला जमते. जगण्याची इच्छा परत आणणे घरालाच जमते.

आणि नेमका याच मायेचा गैरफायदा हे सरकार घेत आले आहे! घर सांभाळते आहे ना, मग आपण अंग काढून घेतले तरी चालते, हा इथला हिशेब. ती बायको सरकारची बिनपगारी परिचारिका, बिनपगारी समुपदेशक, आणि वर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे उंबरे झिजवणारी बिनपगारी कारकूनही. सततच्या परिचारकासाठी भत्ता आहे खरा; पण तो १०० टक्के अपंगत्व असणाऱ्यासाठी. ऐंशी टक्केवाल्याची बायको रात्री झोपते, असे या नियमकर्त्यांना कोणी सांगितले?

अपंगत्व पेन्शनची कथा तर याहून संतापजनक. भरतीच्या वेळी डॉक्टर जवानाचे दात, छाती, नजर, नाडी सारे तपासतात आणि तो ठणठणीत असल्याचा शिक्का मारतात. पुढे बर्फात, वाळवंटात, बंडखोरांच्या मुलखात वर्षे काढून तो मनाने किंवा शरीराने मोडला की तेच खाते म्हणते, हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. तो त्याच्या प्रकृतीतच होता! सिग्नल कोरमध्ये १९८५ साली भरती झालेल्या एका जवानाला झटके येऊ लागले म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवले आणि याच वाक्याने त्याची अपंगत्व पेन्शन नाकारली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असे मानावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितले जुलै २०१३ मध्ये. एकोणीस वर्षे! तोपर्यंत त्याच्या घरची चूल कोणत्या देशभक्तीवर पेटत होती?

एवढ्याने शहाणपण येईल तर ते सरकार कसले? डिसेंबर २०१४ मध्ये अपंग जवानांच्या पेन्शनविरुद्धची संरक्षण मंत्रालयाची शेकडो अपिले सर्वोच्च न्यायालयाने एकगठ्ठा फेटाळली. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी तज्ज्ञांची समिती नेमली; तिने या खटलेबाजीवर कोरडे ओढले. तरीही जून २०१९ मध्ये फर्मान निघाले, की अपंगत्वामुळे सेवा सोडावी लागलेल्यांचीच पेन्शन करमुक्त. जखम घेऊनही जो नेकीने मुदत पुरी करून निवृत्त झाला, त्याने कर भरावा. म्हणजे लंगडत का होईना, कर्तव्य निभावले हाच त्याचा गुन्हा! सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनचे नियमच नव्याने लिहिले गेले आणि वाट आणखी अरुंद झाली.

यावर सरकारचा युक्तिवाद ठरलेला असतो, की निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब दाखवून पेन्शन वाढवून घेणारे महाभाग आहेत. आहेत, आम्ही नाकारत नाही. मग त्यांना पकडा! मेडिकल बोर्ड तुमचे, डॉक्टर तुमचे, कागद तुमचे. सावाच्या ताटातला घास काढून चोराला जरब बसवण्याचे हे शास्त्र कोठले?

काय करता येते, हे पाहायला परदेशी जायला नको, पुणे पुरेसे आहे. जखमी सैनिकांना हातचा उद्योग शिकवणारी खडकीची क्वीन मेरी संस्था १९१७ ची, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. व्हीलचेअरवरचे जवान तिथे बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात आणि नव्याने आलेल्याला तेच धीर देतात. पण या तिघांपैकी दोन संस्था परक्या राजवटीत उभ्या राहिल्या, याची लाज स्वराज्याला वाटायला हवी. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी चाळण झाले, कमरेखालचे बळ गमावून बसले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला देशासाठी पॅरालिम्पिकचे सुवर्ण घेऊन आले. त्यांना पद्मश्री कधी मिळाली? २०१८ साली!

उद्याचे चित्र याहून काळे आहे. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीराला ना पेन्शन, ना माजी सैनिकांची आरोग्य योजना. कर्तव्यावर अपंगत्व आले तर टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी हातावर टेकवायचे आणि मोकळे व्हायचे. आयुष्यभराच्या जखमेला एका धनादेशाचे मलम! आणि ज्याची जखम दिसतच नाही, जो घरी आल्यावर सहा महिन्यांनी रात्री ओरडत उठू लागेल, त्याने कोणत्या खिडकीवर रांग लावायची?

समाजालाही आम्ही सोडणार नाही. भरतीतल्या पोराला मुलगी द्यायला धावणारे गाव तोच पोर मनाने खचून परतला की ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून कुजबुजते. त्याला देवऋषाकडे न्यायला दहा जण तयार, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला एक नाही. मिरवणुकीत घोषणा देणाऱ्यांनो, त्याच्या ओट्यावर तासभर बसायला तुमच्यापैकी किती जण जातात?

आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. सशस्त्र दल लवादाने जवानाच्या बाजूने निकाल दिलेल्या अपंगत्वाच्या प्रकरणांतील अपिले सरकारने मागे घ्यावीत. मनाची जखम ही जखमच मानावी आणि प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समुपदेशक नेमावा. परिचारकाचा भत्ता टक्क्यांवर न तोलता शुश्रूषेच्या गरजेवर ठरवून तो शुश्रूषा करणारीच्या खात्यात जमा करावा. अपंग अग्निवीराला नियमित जवानासारखीच आजन्म पेन्शन द्यावी.

हे करायचे नसेल तर सरकारने निदान हार घालणे तरी थांबवावे. जे आपल्या जखमी जवानाला न्यायालयात खेचते, त्याला जवानाच्या शौर्यावर मते मागण्याचा अधिकार नाही. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी शहिदांच्या नावाने तुमच्यापुढे हात जोडील, तेव्हा त्याला एवढेच विचारा, की जिवंत परतले त्यांच्यासाठी तू काय केलेस?