‘लॉयल्टी’चे धनी

दर वर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी उद्योजकांनी दिलेले ते आव्हान होते. त्याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

पण ही बोट नवी नव्हती. १८९१ साली इंग्लंडमधील बॅरो येथे बांधून पूर्ण झालेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ती हीच. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती हाँगकाँग आणि व्हँकुव्हर यांच्या दरम्यान उतारू, टपाल, चहा, रेशीम वाहत असे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते इस्पितळ झाले. ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, हे नाव तेव्हाचे. साम्राज्यनिष्ठेचे नाव मिरवीतच स्वदेशी जहाजाने नांगर उचलावा, हा दैवाचा विनोदच! पुढे १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली.

या बोटीचे धनी इतिहासाने लक्षात ठेवले. परंतु बॉयलरपुढे उभा राहून कोळसा टाकणारा आगवाला कोणाच्या लक्षात आहे? धनी कॅनडाचा असो, महाराज असो की स्वदेशी कंपनी असो, त्याच्यासाठी भट्टीची धग तीच होती.

हे मला सुचते त्याला कारण आहे. माझे वडील उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात काम करतात. बारा वर्षांत त्या यार्डाचे धनी तीनदा बदलले. फाटक तेच, क्रेन तीच, वडीलही तेच. पण दर वेळी गळ्यात नवा पास आणि नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची! यार्ड विकताना क्रेन किती वर्षे चालली याचा हिशेब होतो, मग माणसाची वर्षे कोणत्या हिशेबात जातात?

वालचंदांचे धाडस मी कमी लेखत नाही. परंतु धनी बदलला तरी कामगाराची सेवा अखंड धरली गेली पाहिजे, मग तो कंत्राटी का असेना. येत्या ५ एप्रिलला बंदरांवर भाषणे होतील, हारतुरे होतील. त्यात या मागणीसाठी कोणी दोन शब्द बोलले, तर तो दिवस आमच्या घरचाही होईल.